लेटरहेड नसलेल्या माणसाचं पत्र

आमच्या जालन्यात 'शिफारस' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय येतं? लेटरहेड! वर ठसठशीत नाव, नावाखाली चार पदं, कोपऱ्यात दोन-तीन फोन नंबर आणि तळाशी वाचता न येणारी सही. मजकूर काय आहे हे कुणी विचारत नाही. 'कोणाचं आणलंय?' एवढंच विचारतात. बदली असो, वसतिगृह असो, शेतातली डीपी जळालेली असो, शिफारस सगळीकडे याच अर्थाने चालते. वशिला म्हणायला जरा बरं वाटत नाही, म्हणून शिफारस म्हणायचं, इतकंच.

आता हाच शब्द नाटकाच्या शाळेच्या प्रवेशअर्जावर छापून येतो, तेव्हा जो काही गोंधळ उडतो त्याबद्दल आज लिहायचं आहे. शनिवार आहे, रिलीज शुक्रवारी रात्रीच गेलं, प्रॉडक्शन अजून तरी शांत आहे. तेव्हा फोन वाजायच्या आत लिहून घेतो :)

तुम्ही म्हणाल, हिंजवडीत बसून कोड लिहिणाऱ्या माणसाचा आणि नाटकाच्या शाळेचा काय संबंध? संबंध असा, की गावाकडून कुणीही कसलाही फॉर्म भरायला घेतला की फोन आपल्यालाच येतो. का, तर आपल्याला 'इंग्रजी येतं' आणि आपल्याकडे लॅपटॉप आहे. पूर्वी इंजिनिअरिंगचे फॉर्म असायचे, मग पासपोर्ट, मग परदेशी विद्यापीठं. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवीन जात आली आहे: नाटक, नृत्य, गाणं शिकायला बाहेर पडणारी पोरं. मला याचा मनापासून आनंद होतो. जालना म्हणजे स्टील, बियाणं आणि मोसंबी, 'जालना सोने का पालना' वगैरे ठीक आहे, पण पाळण्यातून उतरून कुणी रंगमंचाकडे चालत असेल तर त्याला हात द्यायला हवा. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांना असे फोन येत असणार. म्हणून हा लेख.

तर मुद्दा पत्राचा.

गाण्याचं एक बरं आहे. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि गुरूच्या घरात बंद असलेलं शिक्षण वर्गात आणि परीक्षेत आणलं. पुढे १९३१ पासून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सुरू राहिल्या. त्यामुळे आज परतूरची एखादी मुलगी आणि पुण्यातल्या सदाशिव पेठेतली मुलगी, दोघी 'विशारद' झाल्या तर दोघींच्या हातात एकच कागद असतो. त्या कागदाला मर्यादा आहेत, कबूल. पण तो कागद कुणाच्या ओळखीने मिळत नाही.

नाटकाला अशी शिडीच नाही. नाटक करणाऱ्या पोराच्या हातात काय असतं? गॅदरिंगचं सर्टिफिकेट, त्यावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं. युवक महोत्सवातला ग्रुप फोटो, त्यात तो मागच्या रांगेत अर्धा झाकलेला. एकांकिका स्पर्धेच्या बातमीचं कात्रण, आणि त्यात नेमकं त्याचं नाव 'आदी कलाकार' या दोन शब्दांत गडप झालेलं.

आणि समोर अट काय असते? १९५९ साली दिल्लीत सुरू झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं, म्हणजे एनएसडीचं, उदाहरण घ्या. देशभरातून मोजक्या जागा. पदवी हवी, हिंदी आणि इंग्रजी कामापुरतं यायला हवं, आणि किमान सहा नाट्यनिर्मितींत काम केल्याचे पुरावे हवेत ही तिथली वर्षानुवर्षं चालत आलेली अट. जोडीला नाट्यतज्ज्ञाची शिफारस. (तपशील बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षाचं माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं आलंच.)

पदवी काढता येते, भाषा शिकता येते. गाडी अडते ती 'नाट्यतज्ज्ञ' या शब्दापाशी. घनसावंगीत, मंठ्यात किंवा भोकरदनमध्ये नाट्यतज्ज्ञ म्हणजे नक्की कोण हो?

नात्यातल्या एका मुलाचा अर्ज भरताना हा प्रश्न माझ्यासमोर उघडा पडला. संस्था कुठली ते महत्त्वाचं नाही. मुलगा बीए झालेला, एकांकिका आणि पथनाट्यं मिळून सात-आठ कामं केलेली. शिफारसपत्र लागणार म्हटल्यावर आठवड्याभरात त्याने तीन पत्रं जमवून मला फोटो पाठवले.

पहिलं पत्र एका लोकप्रतिनिधीचं. "काका, साहेबाचं लेटर भेटलंय. पप्पाची वळख हाय. हेच वर लावू ना?" पत्रात लिहिलं होतं, की सदर युवक होतकरू असून माझ्या परिचयाचा आहे, तरी त्यास प्रवेश देऊन उपकृत करावे. हेच पत्र नाव बदलून नळजोडणीसाठीही चाललं असतं.

दुसरं पत्र कॉलेजचं. सदर विद्यार्थी तीन वर्षे या महाविद्यालयात शिकत होता, माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. आपण सगळ्यांनी आयुष्यात कधी ना कधी घेतलेलं हे पत्र. नाटकाचा 'न' सुद्धा नाही.

तिसरं पत्र मालिकेत दिसणाऱ्या एका नटाचं. नट चांगला आहे, माणूसही चांगला असणार, कारण कार्यक्रमाच्या गर्दीत भेटलेल्या पोराला त्याने आनंदाने दोन ओळी लिहून दिल्या होत्या. पण त्याने या मुलाला रंगमंचावर कधीही पाहिलेलं नव्हतं. एका सेल्फीएवढी ओळख.

मी विचारलं, "तुझी नाटकं बसवली कुणी?"

"भाऊंनी. पण ते कंडक्टर हायेत ना काका, एसटीत."

हे 'पण' ऐकलंत? सगळा लेख त्या 'पण'बद्दल आहे.

भाऊंना मी फोन केला. अतिशय संकोचाने बोलले. "अहो साहेब, मी पडलो कंडक्टर माणूस. माझ्या लेटरला कोण इचारतंय? पोराचं नुकसान व्हायचं उगी." मी म्हटलं, भाऊ, पत्र राहू द्या, तुम्ही मला फक्त या मुलाबद्दल सांगा. मग माणूस जो सुटला! चाळीस मिनिटं बोलत होते. कोणत्या साली पहिल्यांदा आला, तेव्हा हात कुठे ठेवायचे ते कळायचं नाही म्हणून सारखे खिशात घालायचा. भाऊंनी त्याचे खिसे शिवून टाकले. पाठांतर पक्कं, पण समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघायचा, ऐकायचा नाही. ऐकायला शिकला तो तिसऱ्या नाटकात. 'ण'चा 'न' व्हायचा, त्यावर वर्षभर काम केलं, अजून घाईत असला की होतो. एकदा गावातल्या प्रयोगात लाइट गेली. बाकीचे थांबले, हा थांबला नाही. अंधारात आवाज वाढवण्याऐवजी त्याने कमी केला, आणि मागे बसलेली माणसं गप्प होऊन ऐकू लागली. "तवा मला कळलं साहेब, की ह्याला मी शिकवायचं ते संपलं. आता ह्यानं म्होरं जायला पायजे."

मंडळी, मी गेली पंधरा वर्षं अप्रेझल लिहितो आणि वाचतो. इतकं नेमकं, इतकं खरं अप्रेझल मी आजवर पाहिलेलं नाही. कामाची सुरुवात, प्रगती, शिल्लक राहिलेली उणीव, एक निर्णायक प्रसंग आणि शेवटी निष्कर्ष. शिवाय हे सगळं स्वतः पाहिलेल्या माणसाच्या तोंडून.

भाऊंनी ते वहीच्या रेघी पानांवर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलं. खाली नाव, व्यवसाय, कोणती नाटकं कधी बसवली ती यादी, आणि मोबाइल नंबर. सोबत हिंदी भाषांतर जोडलं. लेटरहेड नाही, शिक्का नाही. तेच पत्र वर लावलं. बाकीची तीन पाकिटात घालून घरच्या कपाटात.

निकाल काय लागला ते मुद्दामच सांगत नाही. लागला असता तर तुम्ही म्हणाला असता की पत्राची कमाल, आणि नसता लागला तर म्हणाला असता की बघ, आमदाराचंच लावायला हवं होतं! प्रवेश हा पत्रावर ठरत नाही आणि ठरूही नये. माझं म्हणणं एवढंच, की चारांपैकी साक्ष एकच होती. शिफारसपत्र म्हणजे साक्ष. साक्षीदाराला कोर्टात 'तुझं पद काय' हे नंतर विचारतात. आधी विचारतात, 'तू तिथे होतास का?'

आता कुणी म्हणेल, हे फार भावनिक झालं. तज्ज्ञ म्हणजे तज्ज्ञच, कंडक्टरला कसं तज्ज्ञ म्हणायचं?

यावर माझ्याकडे जालन्याचंच उत्तर आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांबसमर्थ हे गाव बहुतेकांना समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून माहीत असतं. त्याच गावचे राजकुमार तांगडे. शेतकरी आणि नाटककार. गावाकडच्या पोरांना घेऊन नाटकं करणारा माणूस. २०१२ साली त्यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आलं. दिग्दर्शन नंदू माधव यांचं, मूळ संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, आणि नटसंचात जालना भागातली, शेतीमातीतली माणसं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता एक कल्पना करून बघा. समजा २०११ साली जांबसमर्थच्या एखाद्या पोराने तांगड्यांचं पत्र घेऊन अर्ज केला असता. 'व्यवसाय: शेती' असं लिहिलेलं पत्र. ते तज्ज्ञाचं पत्र ठरलं असतं का? आणि तेच पत्र, त्याच अक्षरातलं, २०१३ साली आलं असतं तर? वर्षा-दोन वर्षांत त्या माणसाची नाटकाची समज काही आकाशाएवढी वाढली नव्हती. बदललं होतं ते आपल्याला त्याचं नाव ठाऊक असणं. म्हणजे 'तज्ज्ञ' हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, तो पुष्कळदा 'ज्याचं नाव मी ऐकलंय तो' एवढाच असतो. आणि जालन्यातली नावं दिल्लीत ऐकू जायला वेळ लागतो. त्या वेळेत पोरांची वयं निघून जातात.

बरं, ही गोष्ट शाळांना कळत नसेल असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले वामन केंद्रे एनएसडीत शिकले आणि पुढे २०१३ ते २०१८ तिथले संचालक झाले. खेड्यातला नट काय काय ओलांडून तिथवर येतो हे अशा माणसांना कुणी सांगायला नको. प्रश्न तिथल्या माणसांच्या समजुतीचा नाही, फॉर्मवरच्या एका शब्दाचा आहे. फॉर्म मुलांना घाबरवतो आणि घाबरलेली मुलं चुकीच्या दारात जाऊन उभी राहतात.

मग दुसरा पक्ष म्हणतो, पत्रं बंदच करून टाका ना! ऑडिशन घ्या, काम बघा, विषय संपला. या म्हणण्यात दम आहे. लंडनच्या राडासारख्या शाळेत अभिनयाची निवड ऑडिशनवरच होते. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वाद्यवृंदांनी तर उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदाच टाकला. कोण वाजवतंय ते दिसायलाच नको, फक्त ऐकू येऊ दे.

पत्रांवरचा आक्षेपही खरा आहे. २००३ साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन प्सेन्का या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल स्कूलमध्ये अध्यापकांच्या निवडीसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड निघाली, आणि त्यांत शंका पेरणारी वाक्यं जास्त. हे वाचून मी माझ्याकडे फॉर्मच्या निमित्ताने जमलेली पाच-पंचवीस पत्रं उघडून बसलो. मुलगे 'प्रतिभावान', 'धडाडीचे', 'नेतृत्वगुण असलेले'. मुली 'सुस्वभावी', 'मनमिळाऊ', 'शिस्तप्रिय'. एका मुलीच्या पत्रात तर 'आईला घरकामात मदत करते' असंही होतं. नृत्याच्या अर्जात!

मुलींच्या बाबतीत आणखी एक पीळ आहे. तालमी होतात संध्याकाळी सातनंतर, कारण बसवणारा आणि करणारे सगळे नोकरी-शेती आटपून येतात. गावाकडे जाणारी शेवटची बस त्याआधीच निघून गेलेली असते. म्हणजे मुलाची सहा नाटकं तीन वर्षांत होतात, मुलीची होतच नाहीत. आणि झाली तरी तिला नीट पाहिलेला माणूस एखादाच असतो. अशा मुलीकडून दोन मोठ्या नावांची पत्रं मागणं म्हणजे तिला दारातूनच परत पाठवणं.

एवढं सगळं असूनही मी पत्रं बंद करा असं म्हणणार नाही. कारण ऑडिशन दाखवते दहा मिनिटं, फार तर कार्यशाळेचे चार-पाच दिवस. त्या दिवशी ताप असतो, भाषा परकी असते, शहर परकं असतं, आणि शेजारी उभा असलेला मुलगा अभिनयाचा महागडा क्लास करून आलेला असतो. तिथे आपला जालन्याचा पोरगा दबतो. शंभर संध्याकाळी तो काय होता हे सांगणारा कुणी तरी हवा ना? मोठ्या शहरातल्या मुलाकडे सांगायला शंभर गोष्टी असतात. जालन्याच्या पोराकडे भाऊ असतात. पत्र काढून टाकलं, तर भाऊंचं तोंडच बंद होईल.

म्हणून माझं म्हणणं असं: पत्र ठेवा, 'तज्ज्ञ' हा शब्द काढा. त्याजागी साधं लिहा, 'ज्यांनी तुमचं काम बसवलं किंवा सलग पाहिलं अशी व्यक्ती, व्यवसाय कोणताही'. कोऱ्या कागदाऐवजी चार प्रश्न छापा. किती काळ ओळखता? कोणत्या कामात पाहिलं? एक प्रसंग सांगा. अजून काय यायला हवं? मराठीत, कानडीत, मणिपुरीत, ज्या भाषेत येईल त्या भाषेत उत्तर चालेल. आणि शंका आली तर फोन उचला आणि बोला. भाऊंसारखा माणूस फोनवर पाच मिनिटांत पत्रापेक्षा जास्त सांगतो. याला पैसे लागत नाहीत, फॉर्म बदलायला एक दुपार लागते. (फॉर्म बदलायच्या आपल्या धंद्यात त्याला एक स्प्रिंट लागतो, ते सोडा :))

शाळा बदलतील तेव्हा बदलतील. तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगतो. ज्यांना असे फोन येतात त्यांनी एवढं कराच.

पहिलं, नोंदवही. अर्ज भरायच्या आठवड्यात नव्हे, पहिल्या नाटकापासून. साधी एक्सेल शीट पुरते: तारीख, नाटक, लेखक, बसवलं कुणी, भूमिका किंवा बॅकस्टेजचं काम, प्रयोग कुठे झाला, पुरावा कोणता. प्रयोग संपल्या दिवशी पत्रिका, कात्रण, फोटो यांचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि एका फोल्डरमध्ये टाकायचे. आपण कोड लिहितो तेव्हा कुणी कधी काय बदललं याची नोंद आपोआप राहते, म्हणून सहा महिन्यांनीही भांडता येतं. नटाचं काम तर पडदा पडला की हवेत विरतं. त्याला नोंदीची गरज आपल्यापेक्षा जास्त.

दुसरं, माणूस निवडताना एकच कसोटी लावा: याने मला चुकताना पाहिलंय का? ज्याने फक्त टाळ्या घेतानाच पाहिलं, तो शुभेच्छा देऊ शकतो, साक्ष देऊ शकत नाही.

तिसरं, आणि हे अगदी कळकळीचं: स्वतःचं पत्र स्वतः लिहू नका. 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात कुणाला काही वाटेनासं झालं आहे. सर कामात असतात, मान्य. पण असं पत्र लगेच ओळखू येतं, कारण कुठलाही एकविसाव्या वर्षाचा मुलगा 'मी समोरच्याचं ऐकत नव्हतो' असं स्वतःबद्दल लिहीत नाही. आता तर मशीनकडून पत्र लिहून घ्यायची सोय झाली आहे. अशी पत्रं गुळगुळीत, निर्दोष आणि सगळी एकसारखी दिसतात. खिसे शिवल्याची गोष्ट त्यात कुठून येणार? पत्राऐवजी एक पानाचं टिपण न्या: केलेली कामं, तारखा, कुठे अर्ज करतोय, शेवटची तारीख. एवढ्यावर सरांना लिहिता येतं.

चौथं, वेळ. किमान तीन आठवडे आधी मागा. आणि मागताना समोरच्याचं वर्ष बघा. मास्तरांच्या परीक्षा, शेतकऱ्याची सोयाबीन काढणी, कंडक्टरची दिवाळीतली डबल ड्युटी. एक आठवण आठवड्याने, दुसरी शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी. कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, लाजू नका.

पाचवं, भाषा. माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत लिहू द्या. मोडक्या इंग्रजीत 'ही इज व्हेरी हार्ड वर्किंग' एवढंच येतं, मराठीत खिसे शिवल्याची गोष्ट येते. भाषांतर आपण करू, आणि खाली 'भाषांतर अमक्याने केलं' असं स्वच्छ लिहू. भाषांतर करताना शोभिवंत करायचा मोह होतो. 'ण'चा 'न' होतो हे वाक्य गाळावंसं वाटतं. गाळायचं नाही. त्या एका उणिवेमुळे बाकीचं सगळं पत्र खरं वाटतं.

सहावं, परदेशी अर्ज. तिकडे पत्र मुलाच्या हातात येतच नाही. लिहिणाऱ्याला ईमेलने लिंक जाते आणि तो थेट अपलोड करतो. अमेरिकेत तर १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला प्रवेश झाल्यावर आपलं पत्र बघायचा हक्क आहे, आणि अर्जातच विचारतात की तो हक्क सोडणार का. बहुतेक जण सोडतात, म्हणजे लिहिणारा मोकळेपणाने लिहितो. इथे भाऊंना ईमेल नाही ही अडचण येते. मग त्यांच्याजवळ बसा, त्यांचा आयडी काढून द्या, टाइप करायला मदत करा. पण पासवर्ड त्यांच्याकडे ठेवा आणि शेवटचं बटण त्यांना दाबू द्या. त्यांच्या नावाने आयडी काढून आपणच सगळं उरकलं, तर साक्षीदाराच्या जागी आपण उभे राहिलो असं होईल.

एवढं सगळं लिहिल्यावर थोडं आपल्याकडेही बघू. आपण कंपनीत रेफरल देतो. बोनससाठी, ओळखीसाठी, 'कॉलेजचा ज्युनिअर आहे' म्हणून. त्यातल्या कितींचं काम आपण स्वतः पाहिलेलं असतं? तिथे आपणही लेटरहेडच वापरतो, फक्त त्यावर पक्षाच्या चिन्हाऐवजी कंपनीचा लोगो असतो. गावाकडच्या वशिल्याला हसायच्या आधी हे आठवलेलं बरं.

आणि शेवटचं, भाऊंसारख्यांसाठी. जालन्यात, अंबडला, परतूरला, मंठ्याला असे भाऊ आहेत, सर आहेत, ताई आहेत. कुणी बँकेत आहे, कुणी झेडपीच्या शाळेत, कुणी मेडिकल चालवतं. दिवसभराचं काम उरकून ते रात्री पोरांना घेऊन नाटक बसवतात, पदरचे पैसे घालून मेकअपचं सामान आणतात. त्यांना कुणी तज्ज्ञ म्हटलेलं नाही, म्हणून त्यांनाही वाटतं की आपल्या शब्दाला किंमत नाही. तुमच्या गावात असा माणूस असेल तर या दिवाळीला गेल्यावर त्याला भेटा. 'पोरांबद्दल लिहून ठेवत जा' एवढं सांगा. जमलं तर एक वही आणि पेन नेऊन द्या. लेटरहेड नको.